कळलावीचा वेल आणि कूर्माचा दृष्टांत

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ५८ व्या श्लोकी भगवंतांनी स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना कासवाचा दृष्टांत दिला आहे. कासव आपले अवयव आत ओढून घेते, त्याप्रमाणे ज्ञानी पुरुष इंद्रियांना विषयांपासून आवरतो. कासव नित्य दृष्टीस पडत नाही. परंतु हाच पाठ कळलावीचा वेल गृहस्थाच्या परसात दरवर्षी देत असतो.

हा वेल याच भूमीतला. पानाच्या टोकाचा ताणा करून तो कुंपणावर चढतो. त्याची फुले प्रथम हिरवट-पिवळी असतात व पुढे ज्वालेसारखी लाल होतात. म्हणूनच संस्कृतात तो अग्निशिखा. तामिळनाडूचे हे राज्यपुष्प आहे. पाऊस सरला की वेल वाळतो. अजाण माणूस तो मेला असे मानून कंद उपटतो, अथवा दयेपोटी रोज पाणी घालून कंद कुजवतो. वस्तुतः वेलाने आपले सारे बळ नांगराच्या आकाराच्या कंदात आवरून घेतलेले असते. कोरडा उन्हाळा सोसून मृगाच्या सरींबरोबर तो पुन्हा कोंब धरतो. संयमाने जीवन आटत नाही, साठते, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

तथापि दृष्टांत येथे संपत नाही. वेल वाळला तरी कंदातील विष वाळत नाही. ते प्राणघातक असते. पुढच्याच ५९ व्या श्लोकात हाच इशारा आहे : विषय सुटले तरी त्यांची गोडी मागे उरते, ती परमात्मदर्शनानेच निवते. एकादशीस उपवास करून द्वादशीच्या पक्वान्नांचे चिंतन करणारा, किंवा मौन धरून मनात भावाशी भांडणारा, यांचा वेल वाळला आहे; कंद तसाच आहे.

हा वेल घरी लावल्यास कलह होतो, असा समज नावावरून रूढ आहे. घरात कळ लावते ती न आवरलेली जीभ. वेलास दोष का द्यावा? सुज्ञ गृहस्थाने निचऱ्याच्या जमिनीत, कोंब न मोडता, कंद २ ते ३ इंच खोल आडवा लावावा व हात स्वच्छ धुवावेत. मुलांपासून व गुरांपासून तो दूर राखावा. औषध म्हणून घरी कधीही वापरू नये. आणि वेल वाळेल तेव्हा स्वतःस विचारावे : आपल्या अंतरी काय उरले आहे? ते जाळण्याचे सामर्थ्य भगवच्चिंतनातच आहे.