हलाल, तय्यिब आणि प्रयोगशाळेची साक्ष

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा खवा दूरवर नावाजलेला आहे. २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. गायीचे पाच-साडेपाच लिटर दूध भट्टीवर आटवावे, तेव्हा जेमतेम एक किलो खवा हाती येतो. सणासुदीला मागणी वाढते, जनावरांचे दूध मात्र वाढत नाही. खव्याचा व्यवसाय कुठलाही असो, मोह नेमका येथेच डोके वर काढतो. थोडा स्टार्च किंवा थोडे वनस्पती तूप मिसळले की वजन वाढते आणि गिऱ्हाइकाच्या जिभेला पत्ताही लागत नाही. याची पहिली झळ सचोटीने भट्टी चालवणाऱ्यालाच बसते, कारण भेसळीच्या भावाशी त्याला स्पर्धा करता येत नाही.

अशी भेसळ पकडणारी साधने आज उपलब्ध आहेत. त्यामुळे दोन प्रश्न उभे राहतात. माणसाचा माल तपासणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे काय? आणि यंत्र सर्व काही शोधून काढणार असेल, तर ईमानदारीचे काम काय उरले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहीह मुस्लिममधील एका प्रसिद्ध हदीसमध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. त्यांनी विक्रेत्याला कारण विचारले. धान्य पावसात भिजल्याचे त्याने सांगितले. मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाहीस, अशी विचारणा करून, फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले. येथे ऐकीव गोष्टीवरून आरोप झालेला नाही. आधी वस्तू तपासली गेली, मग विक्रेत्याचे म्हणणे ऐकले गेले. पाऊस हा त्याचा अपराध नव्हता, ओल झाकणे हा अपराध होता. पवित्र कुरआनने ज्या संशयापासून दूर राहण्यास सांगितले आहे, तो पुराव्याआधीच निकाल देतो. तपासणी मात्र निकालाआधी पुरावा मागते. म्हणूनच निर्दोष व्यापाऱ्यासाठी ती ढाल ठरते. भारताच्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार नमुन्याचे चार भाग करतात. विक्रेत्याने मागणी केल्यास एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो आणि विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध अपीलही करता येते.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. खव्याचा लहानसा नमुना पाण्यात उकळून थंड करावा आणि त्यात आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. रंग निळा झाला तर त्यात स्टार्च आहे. वनस्पती तूप ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्ल असते, नेहमीच्या वनस्पती तेलांत ते नसते. यंत्र ही आम्ले वेगवेगळी करून त्यांचे प्रमाण दाखवते. ही अल्लाहने माणसाला दिलेल्या बुद्धीची देणगीच आहे.

परंतु यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळल्याचे उघडकीस आले. तेथील प्रचलित चाचणी प्रथिने थेट मोजत नव्हती. ती नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा अंदाज घेत होती. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असल्याने पाणी घातलेले दूधही चाचणीत उत्तीर्ण होत होते. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. त्या दुधाचे आकडे बरोबर होते, अमानत मात्र नष्ट झाली होती. चाचणी नेहमी कालच्या लबाडीवर बेतलेली असते. उद्याची लबाडी थांबवायला माणसाच्या अंतःकरणातला पहारेकरीच लागतो.

शिवाय यंत्रामागेही माणूसच असतो. सूरह रहमानमध्ये अल्लाहने तराजू स्थापन केल्याचा आणि त्यात अन्याय न करण्याचा आदेश आहे. दूध संकलन केंद्रावरील फॅट मोजणारे यंत्र हा आजचा तराजूच होय. शेतकऱ्याच्या दुधाचे फॅट कमी दाखवून तेच दूध पुढे पूर्ण दराने विकणारा मनुष्य सूरह मुतफ्फिफीनमधील इशाऱ्याच्या कक्षेत येतो. घेताना पुरेपूर मापून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांना तेथे विनाशाची सूचना आहे. अहवालावर सही करणाऱ्याचीही परलोकात जबाबदारी आहे.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील गवळणीच्या मुलीची कथा आपल्या घरांत सांगितली जाते. दुधात पाणी घाल, खलीफा पाहत नाही, असे आई म्हणाली. खलीफा पाहत नसला तरी त्याचा पालनकर्ता पाहतो, असे मुलीने उत्तर दिले. त्या रात्री तेथे ना आयोडीन होते, ना निरीक्षक. तरीही दूध शुद्ध राहिले.

याचा अर्थ तपासणी अनावश्यक आहे, असा नाही. सर्वांचे अंतःकरण त्या मुलीसारखे नसते, म्हणून समाजाला तराजू हवा. आणि तराजू सर्वत्र पोहोचत नाही, म्हणून तक्वा हवा.

आपल्या घरांत हलालची चौकशी बहुधा मांसापाशी आणि बिस्किटातील जिलेटीनपाशी थांबते. अल्लाहने मात्र हलालसोबत तय्यिब, म्हणजे शुद्ध व हितकारक, अशीही अट घातली आहे. ईदच्या शीरखुर्म्यात पडणारे दूध आणि खवा त्या अटीबाहेर नाहीत. शंका आल्यास घरी आयोडीनची चाचणी करावी, पावती जपून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. पडताळणी न करता एखाद्या दुकानाविरुद्ध व्हिडिओ पुढे पाठवणे हीदेखील भेसळच आहे, ती सत्यातली भेसळ आहे. आणि आपण स्वतः विक्रेते असू, तर मालातील दोष गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच सांगावा. खरे बोलून दोष उघड करणाऱ्यांच्या व्यवहारात बरकत असते आणि लपवणाऱ्यांची बरकत पुसली जाते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अल्लाह आपल्या कमाईला आणि आपल्या ताटाला शुद्धता देवो. आमीन.