न दिलेल्या गोळीची सही



आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्हांला शिरूर-दौंड भागातील नर्सिंग होममध्ये वरचेवर जावे लागते. एका पहाटे रात्रपाळीच्या सिस्टर एका बैठकीत सर्व रुग्णांच्या औषधांचे तक्ते भरीत होत्या. एका आजोबांना झोप लागल्याने त्यांची रक्तदाबाची गोळी ट्रेमध्ये तशीच राहिली होती. तक्त्यावर मात्र ‘दिली’ अशी सही झाली होती.

ह्याला खोटे बोलणे म्हणावे काय? संत ऑगस्टीन ह्यांनी इ. स. ३९५ च्या सुमारास असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मनात एक, ओठांवर दुसरे आणि फसविण्याची इच्छा, ही त्यांनी असत्याची खूण मानली. सिस्टरांना कोणालाही फसवायचे नव्हते. एकट्याने सारी रात्र सांभाळून त्या थकल्या होत्या. तरीही आठवत नसताना केलेली सही ही नसलेल्या ज्ञानाची साक्ष ठरते. ती वाचून डॉक्टर समजतात, गोळी घेऊनही रक्तदाब चढलाच आहे, आणि मात्रा वाढवतात. उलट, दिलेल्या इन्सुलिनची नोंद राहिली तर पुढच्या पाळीत ते दुसऱ्यांदा दिले जाऊन जिवावर बेतते. झोपलेला रुग्ण बोलू शकत नाही. त्याच्या वतीने तक्ताच बोलतो. रिकामा चौकोन निदान प्रश्न तरी विचारायला लावतो. खोटी सही तो प्रश्नच मिटवते.

आम्ही ट्रेकडे बोट दाखवले. सिस्टरांनी नोंदीवर एक रेघ मारली, ‘राहिली’ असे लिहून वेळ घातली आणि डॉक्टरांना फोन केला. ते धैर्य पाहून आम्ही ओशाळलो. बाप्तिस्म्याच्या वहीतील नोंद आम्हीही कधी आठवड्याने, आठवणीवर विसंबून केली आहे.

आपल्या घरीही सकाळची गोळी सून देते आणि मुलगा पुन्हा देतो. एक वही ठेवा. गोळी दिल्याबरोबर वेळ लिहा. नर्सिंग होममधील कागदपत्रांविषयी संकोच नको. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे ३ वर्षे जपावी लागतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. मात्र मागताना सिस्टरांशी गोडीने बोला. रात्रभर जागून आपल्या माणसांना त्याच सांभाळतात.

आठवी आज्ञा केवळ न्यायालयातील साक्षीपुरती नाही. खाटेशी टांगलेल्या कागदावरही ती लागू आहे.

आपले धर्मगुरू