नाण्याचा ठावठिकाणा

दुर्मीळ नाणे लिलावगृहात गेले की त्याची कसून तपासणी होते. ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन, मिलिमीटरमध्ये व्यास, कडेवरून कानस फिरली आहे का, कधीकाळी माळेत ओवण्यासाठी कडी डागली होती का, ठसा मध्यावर बसला आहे की एका बाजूला सरकला आहे. मग दोन्ही बाजूंची छायाचित्रे, अंदाजित किंमत, जिच्याखाली नाणे सोडायचे नाही ती राखीव किंमत, विकणाऱ्याकडून घ्यायचे कमिशन आणि घेणाऱ्याने बोलीवर भरायचा अधिभार. हे सारे ठरते आणि त्यातले बरेचसे सूचिपत्रात छापले जाते. आपल्याकडच्या बहुतेक सूचिपत्रांत एकच गोष्ट सापडत नाही: नाणे आले कुठून? कोणत्या गावी, कोणत्या शेतात किंवा वाड्याच्या भिंतीत मिळाले, सोबत आणखी काय होते, किती पिढ्या कोणाच्या घरी राहिले, याला एक ओळही मिळत नाही.

नाणे विकण्याला माझा विरोध नाही. ही ओळ न लिहिता विकण्याला आहे, आणि तो का, हे सांगायला नाशिकजवळच्या जोगळटेंभीइतके चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी १३ हजारांहून अधिक, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचे टेकडीचे चिन्ह, मूळची अक्षरे अर्धवट दबलेली. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निपटून काढला, असे त्याची आई गौतमी बलश्री हिच्या पांडवलेण्यातल्या लेखात म्हटले आहे. पण तो घरच्या माणसांनी कोरवलेला गौरव. त्यावर किती विसंबायचे, या प्रश्नाला जोगळटेंभीच्या नाण्यांनी उत्तर दिले. शिवाय नहपानानंतरच्या दुसऱ्या कोणा क्षत्रपाचे नाणे त्या साठ्यात नव्हते. त्यावरून या दोन राजांमध्ये फार काळ गेला नसावा, असे अभ्यासकांना मांडता आले. पुन्हा ठसा मारलेले एखादेच नाणे हाती आले असते, तरी ठसा कोणी कोणावर मारला एवढे कळले असते. न सापडलेल्या नाण्याची साक्ष मात्र अखंड साठाच देऊ शकतो.

असा साठा आज एखाद्या नांगराला लागला तर काय होईल? गावातल्या दोघा-तिघांत तो वाटला जाईल, दहा-वीस नाणी तालुक्याच्या सराफाकडे जातील, काही आटवली जातील, उरलेली हातोहात फिरत दोन-तीन वर्षांनी वेगवेगळ्या शहरांतल्या लिलावांत वेगवेगळ्या लॉटमध्ये दिसतील. प्रत्येक नाण्याचे वजन अचूक छापलेले असेल आणि साठा कायमचा नाहीसा झालेला असेल.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. भूमिगत धनाचा आपला कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, लपवले तर तुरुंगवासाची तरतूद. इथवर ठीक. पण ते धन सरकारला ठेवून घ्यायचे असेल तर भरपाई किती? धातूची किंमत आणि तिच्यावर आणखी एक पंचमांश. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. लिलावात त्याला लाखांनी बोली लागते आणि हा कायदा त्याला पावणेतीन ग्रॅम सोने समजतो. तांब्याच्या शिवराईला तर भंगाराचाच भाव. प्रामाणिकपणाची किंमत कायद्यानेच इतकी पाडून ठेवली, तर कळवायला कोण जाईल? ब्रिटिशांनी आपल्यासाठी केलेला हा कायदा आपण जपून ठेवला. त्यांनी स्वतःच्या देशासाठी १९९६ साली नवा कायदा केला. तिथल्या संग्रहालयाला असे धन हवे असेल तर बाजारभावाने मोबदला मोजावा लागतो आणि तो बहुधा सापडवणारा व जमिनीचा मालक यांच्यात वाटला जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये लोकांनी आपणहून आणून दाखवलेल्या वस्तूंची स्थळासह नोंद होते. या नोंदींची संख्या केव्हाच दहा लाखांपलीकडे गेली आहे.

कागदाचे मोल लिलावाच्या धंद्याला कळत नाही, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत १९३३ साली पाडलेली २० डॉलरची सोन्याची ‘डबल ईगल’ नाणी चलनात आलीच नाहीत, ती वितळवण्याचा हुकूम झाला. तरी काही टाकसाळीबाहेर पडली. त्यांतले एक इजिप्तचा राजा फारूक याच्याकडे गेले आणि अमेरिकी सरकारने १९४४ मध्ये त्याला निर्यात परवाना दिला. फारूकचे म्हणून ओळखले जाणारे नाणे १९९६ मध्ये न्यूयॉर्कला जप्त झाले, पण तो जुना परवाना पुढे आल्यामुळे तडजोड झाली. २००२ मध्ये ते सुमारे ७६ लाख डॉलरला विकले गेले आणि २०२१ मध्ये सदबीजच्या लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला. त्याच वर्षाची, त्याच टाकसाळीची आणखी दहा नाणी एका कुटुंबाने पारखण्यासाठी टाकसाळीकडे पाठवली. ती न्यायालयाने सरकारची ठरवली. सोने तेच, ठसा तोच. फरक एका कागदाचा.

संग्राहकांवर सरसकट संशय घेणाऱ्यांशीही माझे पटत नाही. मराठ्यांच्या टाकसाळींबद्दल आज जे सुसंगत ज्ञान आहे, त्याचा मोठा भाग के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांच्या १९८९ च्या ग्रंथामुळे आहे. संग्राहकांनी नाणी जमवली, ताडून पाहिली, म्हणून ते काम उभे राहिले. लिलावाने नाणे आटणीतून वाचते, हेही खरे. शंभर वर्षांवरचे नाणे देशाबाहेर नेता येत नसल्यामुळे ते निदान इथल्याच कोणाच्या तरी हाती राहते.

म्हणूनच आजोबांची पेटी उघडून नाणी विकायला निघालेल्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. चिंच-मीठ किंवा पितांबरी लावून ती घासू नका. शतकांनी चढलेला थर एकदा गेला की परत येत नाही, आणि चरे पडलेल्या नाण्याची किंमतही उतरते. नाणी ज्या पुरचुंडीत होती ती फेकू नका, तिच्यावर मोडीत काही खरडलेले असेल तर आधी वाचून घ्या. आई, आत्या, काका, ज्यांना आठवते त्यांना विचारा आणि ऐकीव असले तरी ‘ऐकीव’ म्हणून लिहून लिलावगृहाला द्या. ते घेत नसतील तर घ्यायला लावा.

लिलावगृहांचा आक्षेप मला माहीत आहे: विकणाऱ्याला नाव गुप्त हवे असते. ते राहावेच. नाव न देताही ‘पुणे जिल्ह्यातील कुटुंबाकडून, तीन पिढ्यांपासून’ असे छापता येते. काहीच माहीत नसेल तर तसेही छापावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला कुठे थांबायचे ते कळेल. एकत्र मिळालेली नाणी लॉट पाडण्याआधी एकत्र मोजून, छायाचित्रे काढून ठेवावीत. नेमके शेत मात्र सूचिपत्रात येऊ नये, कारण धातुशोधक यंत्रे घेऊन माणसे तिथे रात्रीतून पोचतील. सूचिपत्रात तालुका पुरे. नेमक्या जागेची नोंद नाशिकजवळ अंजनेरीला असलेल्या नाणकशास्त्राच्या संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी मोहोरबंद ठेवावी आणि ती केव्हा उघडायची हे संशोधकांनी ठरवावे.