अर्धवेळ मजुरी बरी कीं सरकारी भत्ता?

कष्टाची भाकर फुकटच्या पक्वान्नाहून गोड असें आपण मुलांस शिकवितों, आणि तें खरेंही आहे. परंतु कष्टाची भाकर आणि फुकटची भाकर ह्या दोहोंचें वजन जवळजवळ सारखेंच भरूं लागलें, तर माणसानें कोणती पत्करावी? किंबहुना कामावर गेल्यामुळेंच ताटांतली अर्धी भाकर काढून घेतली जात असेल, तर काम न पत्करणाऱ्यास आळशी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? ब्रिटनांत हा वाद दोन शतकांहून अधिक काळ चालला आहे. आपल्याकडील तरुण व तरुणी शुश्रूषेच्या व इतर कामांसाठीं त्या देशीं जातात, आणि तिकडचे लोक बसून खातात अशी वार्ता त्यांच्या मागोमाग इकडे येते. त्या वार्तेंत तथ्य किती हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम हिशेब करूं. नीतीचा पुष्कळ उपदेश हिशेब न करतांच केला जातो, आणि म्हणून तो गरिबाच्या गळीं उतरत नाहीं.

एक बाई आहे असें समजूं. वय पंचविशीच्या पुढें, एकटी, मुलेंबाळें नाहींत, भाड्याच्या खोलींत राहते. तिला ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ नांवाचें सरकारी साहाय्य मिळतें. त्यांत पोटापुरती एक रक्कम आणि खोलीच्या भाड्याची रक्कम असते. तिला एका दुकानांत आठवड्याचें १६ तास काम मिळालें. एप्रिल २०२५ मध्यें त्या देशांत २१ वर्षांच्या व त्यावरील मजुरासाठीं कायद्यानें तासाला १२ पौंड २१ पेन्स हा किमान दर ठरला. ह्या दरानें तिला आठवड्यास १९५ पौंड ३६ पेन्स, म्हणजे महिन्यास सुमारें ८४७ पौंड मिळतील. परंतु मिळविलेल्या प्रत्येक पौंडामागें ५५ पेन्स तिच्या साहाय्यांतून वजा होतात. अशा रीतीनें सुमारें ४६६ पौंड गेले, ३८१ राहिले. तासाला पडले ५ पौंड ४९ पेन्स. ती चार दिवस, रोज चार तास कामाला जाते असें धरिलें, आणि बसचें भाडें जाण्याचें तीन व येण्याचें तीन पौंड धरिलें, तर रोजचा पहिला तास बसगाडीच्या भाड्यालाच पुरत नाहीं. सर्व वजा जातां तासाला चार पौंड हातीं उरतात. स्थानिक मंडळाच्या करांत तिला जी सूट होती, तींतही बहुधा कांहीं काटछाट होते.

तेव्हां कामांत लाभ आहे काय? आहे. नाहीं असें म्हणणारा चुकतो. परंतु पाटीवर लिहिलेला बारा पौंडांचा दर तिच्या पदरीं चार पौंडांचा होऊन पडतो, हेंही तितकेंच खरें आहे. ‘तासाला बारा पौंड मिळत असतां ही घरीं कां बसते?’ असें शेजारीण विचारते तेव्हां ती ज्या बारा पौंडांविषयीं बोलते ते ह्या बाईनें कधीं पाहिलेलेच नसतात.

आतां हीच बाई दोन मुलांची आई आहे असें समजा. मुलें नऊ व अकरा वर्षांचीं, आणि घरांत दुसरें कमावणारें कोणी नाहीं. मुलें असणाऱ्यांस कायद्यानें एक सवलत दिली आहे. ज्यांस भाड्यासाठीं साहाय्य मिळतें त्यांच्या मिळकतीपैकीं महिन्याच्या पहिल्या कांहीं रकमेवर कपात होत नाहीं. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठीं ही रक्कम ४११ पौंड ठरली होती. तिनें आठवड्यास आठ तास काम केलें तर महिन्यास सुमारें ४२३ पौंड होतात, आणि कपात सात पौंडांहूनही कमी. म्हणजे पहिल्या आठ तासांची मजुरी बहुतेक सगळी तिची. तिनें आणखी आठ तास वाढविले तर त्या तासांच्या मजुरींतील निम्म्याहून अधिक भाग कापला जातो. इतकेंच नव्हे, तर २०१८ सालीं इंग्लंडांत असा नियम झाला कीं, ज्या घराची कामाची निव्वळ मिळकत वर्षास ७,४०० पौंडांच्या वर जाईल त्या घरच्या मुलांस शाळेंतील फुकट जेवणासाठीं नव्यानें अर्ज करतां येणार नाहीं. आठ तासांनीं वर्षाची मिळकत पांच हजारांच्या आसपास होते. सोळा तासांनीं दहा हजारांच्या वर. ह्या नियमाखालीं आई अधिक राबली कीं मुलांची पंगत उठली. सप्टेंबर २०२६ पासून हें साहाय्य घेणाऱ्या सर्व घरांतील मुलांस जेवण देण्याचें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें, तें योग्यच झालें. परंतु मधल्या वर्षांत जी आई आठ तासांवर थांबली ती आळशी नव्हती. तिला गणित येत होतें.

ह्यापूर्वींची व्यवस्था कांहीं बाबतींत अधिकच विलक्षण होती. जुन्या बेकारभत्त्याच्या कायद्यांत एकट्या मनुष्यास आठवड्यास पांच पौंडपर्यंत मिळविण्याची मोकळीक असे. त्यापुढील प्रत्येक पौंडामागें भत्त्यांतून पूर्ण एक पौंड जाई. शंभर टक्के कपात! आणि कामाचे सोळा तास झाले कीं भत्ता साफ बंद. ही अडचण दूर करावी म्हणूनच २०१२ च्या कायद्यानें युनिव्हर्सल क्रेडिट आलें. आरंभीं त्याची कपात पौंडास ६५ पेन्स होती, २०१७ मध्यें ६३ झाली, व २०२१ च्या अखेरीस ५५. सुधारणा झाली हें कबूल केलें पाहिजे.

परंतु हा पेंच मुळांत कोठून आला? १७९५ सालीं धान्य फार महाग झालें, तेव्हां बर्कशायर परगण्यांतील न्यायाधीशांनीं स्पीनहॅमलंड येथें जमून एक कोष्टक ठरविलें. मोठा पाव एक शिलिंगास असतां मजुराच्या घरीं आठवड्यास त्याच्यासाठीं ३ शिलिंग, आणि बायको व प्रत्येक मूल ह्यांसाठीं दीड दीड शिलिंग गेलेच पाहिजेत. मजुरी जितकी कमी पडेल तितकी भर गांवच्या गरीब-निधींतून घालावी. हेतु दयेचा होता. पुढें ओरड झाली कीं, शेतमालक मजुरी मुद्दाम कमी देतात, कारण उरलेली गांव देतो. आणि मजूर अंग चोरतात, कारण अधिक मिळविलें तर भर कमी होते. १८३४ च्या कायद्यानें ह्यावर जो उपाय केला तो असा: साहाय्य घेणाऱ्याची स्थिति सर्वांत गरीब स्वतंत्र मजुराच्या स्थितीहून वाईट असावी. त्यासाठीं श्रमगृहें बांधिलीं, आणि तेथें नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलें तिसरीकडे ठेविलीं. मार्क ब्लॉग ह्या अर्थशास्त्रज्ञानें १९६३ सालीं जुन्या आकड्यांचा शोध घेऊन दाखविलें कीं, त्या कायद्यामागील चौकशी-मंडळाचे निष्कर्ष पुराव्यास धरून नव्हते. पण तोंवर कित्येक पिढ्या त्या भिंतींआड गेल्या होत्या.

काम आणि साहाय्य ह्यांत अंतर ठेवावयाचें तर दोन वाटा आहेत. मजुरी वर न्यावी, किंवा साहाय्य खालीं दाबावें. १८३४ सालीं दुसरी वाट धरिली, कारण ती धरणाऱ्यांस स्वतःच्या खिशांत हात घालावा लागत नव्हता. विल्यम बेव्हरिज ह्यानें (तो १८७९ सालीं बंगालमधील रंगपुरास जन्मला) १९४२ च्या आपल्या अहवालांत तिसरी वाट दाखविली. मुलांचा भत्ता बाप कामावर असो वा नसो, दोन्ही वेळां द्यावा. म्हणजे बेकारींत मिळणारें कामाच्या मिळकतीहून अधिक होण्याचा प्रसंग येणार नाहीं. त्याप्रमाणें १९४६ पासून दुसऱ्या व पुढच्या प्रत्येक मुलामागें आठवड्यास पांच शिलिंग मिळूं लागले. कामावर गेल्यानें जें हिरावलें जात नाहीं, तें साहाय्य माणसाला घरीं बसवीत नाहीं. ह्या साध्या गोष्टीचा विसर पुढील सरकारांस वारंवार पडला.

ह्या विषयांत आम्हांस सर्वांत अधिक खटकणारी गोष्ट पैशाची नव्हे, सत्याची आहे. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नांवाचें गिरणीचें एक गांव होतें. १९२९-३० मध्यें गिरणी बंद पडली आणि बहुतेक सारें गांव भत्त्यावर आलें. कांहीं अभ्यासकांनीं तेथें राहून जें पाहिलें तें १९३३ सालीं प्रसिद्ध केलें. वाचनालयांतून नेलेल्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली, हातांत वेळच वेळ असतांना. पुरुष रस्त्यानें चालतांना पुनःपुन्हां थांबत. आणि त्याच गांवीं एकानें सरपणाच्या मोबदल्यांत झाडें तोडण्यास मदत केली म्हणून त्याचा भत्ता गेला; दुसऱ्यानें बाजा वाजवून चार नाणीं मिळविलीं म्हणून त्याचा गेला. ज्यांच्या अंगीं उठून कांहीं करण्याची शक्ति उरली होती तेच नेमके दंडास पात्र ठरले!

असा कायदा माणसास लपविण्यास शिकवितो. घरकाम करावें, पैसे हातोहात घ्यावे, कचेरींत सांगूं नये. हें खोटें आहे, आणि खोट्यास आम्ही खरें म्हणणार नाहीं. पण पांच पौंडांपुढचें सगळें काढून घेणारा कायदा प्रामाणिकपणाची जी किंमत गरिबाकडून वसूल करतो, ती श्रीमंताकडून कोणी मागत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत सर्वांत अधिक मिळकत असणाऱ्याच्या वरच्या पौंडावर आयकर व विमावर्गणी मिळून ४७ पेन्स जातात, आणि ह्याहून अधिक घेतले तर उद्योगी माणसांचा उत्साह मावळेल असें मोठे लोक मोठ्या गांभीर्यानें सांगतात. दुकानांतील बाईचे ५५ पेन्स जातात. तिच्या उत्साहाची चिंता कोणी करीत नाहीं. तिनें हिशेब केला कीं त्यास आळस म्हणतात.

घरीं आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांचें तर काय सांगावें! आठवड्यास निदान ३५ तास शुश्रूषा करणाऱ्यास ‘केअरर्स अलावन्स’ नांवाचा भत्ता मिळतो. एप्रिल २०२४ पासूनच्या वर्षीं तो आठवड्यास ८१ पौंड ९० पेन्स होता, आणि बाहेरच्या कामाची निव्वळ मिळकत १५१ पौंडांपर्यंत चाले. १५१ पौंड व एक पेनी झाली कीं कपात एका पेनीची नव्हे, साऱ्या भत्त्याची. कित्येकांनीं नकळत ही मर्यादा ओलांडली. कचेरीनें वेळींच सांगितलें नाहीं. आणि पुढें हजारों पौंड परत करण्याची पत्रें आलीं. २०२४ सालीं हें वर्तमानपत्रांतून गाजलें, तेव्हां सरकारनें स्वतंत्र चौकशी नेमली. एप्रिल २०२५ मध्यें मर्यादा १९६ पौंडांवर नेली. सोळा तासांची किमान मजुरी तिच्या आंत अवघ्या ६४ पेन्सांनीं बसत होती. मालकानें खुश होऊन तासाला पांच पेन्स वाढवून दिले असते तर त्या बाईस हात जोडून ‘नको’ म्हणावें लागलें असतें.

येथें कोणी पौलानें थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राकडे बोट दाखवील. तें वचन आम्हांसही ठाऊक आहे. १९३६ च्या रशियाच्या राज्यघटनेंतही त्याची छाया आली आहे, म्हणजे धर्म न मानणाऱ्यांसही तें सोयीचें वाटलें! पण प्रेषित काम करण्याची इच्छा नसलेल्याविषयीं बोलतो. काम ज्यास मिळत नाहीं, किंवा आजारी आईच्या खाटेपाशीं जो रात्रंदिवस कामच करीत आहे, त्याला तें लावणें हें वचनावर जुलूम करणें होय.

तरीही मजुरीच्या पलीकडे कामाचें कांहीं मोल आहे काय? आम्हांस वाटतें, आहे. २०१९ सालीं केंब्रिज येथील व इतर अभ्यासकांनीं ब्रिटनमधील ७१,००० हून अधिक लोकांची माहिती तपासली. आठवड्यास आठ तासांपर्यंतचें काम मिळालें तरी मनाचें स्वास्थ्य बरेंच सुधारतें, त्याहून अधिक तासांनीं विशेष अधिक लाभ दिसत नाहीं, असें त्यांस आढळलें. परंतु ह्याच्या आदल्या वर्षीं मँचेस्टरच्या अभ्यासकांनीं सुमारें हजार बेकारांचा माग घेऊन दाखविलें होतें कीं, जे वाईट प्रतीच्या कामांवर लागले त्यांच्या शरीरांत ताणाचीं लक्षणें बेकार राहिलेल्यांहूनही अधिक होतीं. म्हणून कोणतेंही काम कांहीं नसण्यापेक्षां बरें, हें सरसकट खरें नाहीं. काम कसें आहे, तास ठरलेले आहेत कीं मालकाच्या लहरीवर, हें विचारावें लागतें.

आपल्या महाराष्ट्रांत हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविण्याचा यत्न झाला. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेनुसार १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव भागांत रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत त्या योजनेनें हजारों कुटुंबें तगलीं, आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. जो काम मागेल त्यास काम, हें तिचें तत्त्व. तेथें भत्ता आणि मजुरी एकच असल्यामुळें कपातीचा प्रश्नच उद्भवत नाहीं. मात्र जो खडी फोडूं शकत नाहीं, त्या म्हाताऱ्यास व आजाऱ्यास ती योजना पुरी पडत नाहीं. त्याच्यासाठीं ब्रिटनसारखी कांहीं तरी सोय लागतेच.

आणि आमच्या तरुण वाचकांस हेंही कळावें कीं, कामाच्या परवान्यावर ब्रिटनास गेलेल्या आपल्या माणसांस त्या भत्त्यांपैकीं बहुतेक कांहींच मागतां येत नाहीं. तशी अट परवान्यांतच असते. तेथील वृद्धांस न्हाऊंमाखूं घालणारी आपली मुलगी तासाला जें मिळवितें त्यावरच राहते, आणि काम सुटलें तर तिला आधार उरतो तो तिकडच्या ओळखीपाळखीच्या माणसांचा आणि इकडच्या घराचा.