वाचलेले पाणी कोणाचे?



दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू होतो आणि आपल्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडून, अहिल्यानगरकडून माणसे येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून भल्या पहाटे फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. लहान मूल बांधावर झोळीत झोपलेले असते. रविवारी मिस्साला येताना आपण त्यांच्या कोप्यांवरून पुढे जातो.

ही माणसे आपले घरदार सोडून सहा-सहा महिने इकडे का येतात? त्यांच्यापैकी कित्येकांची गावाकडे दोन-चार एकर जमीन असते. जमीन आहे, पण पाणी नाही. पावसाळा सरला की विहीर तळ गाठते आणि रान मोकळे पडते. म्हणजे ज्यांच्या शेताला पाणी नाही, तेच भरपूर पाणी पिऊन वाढलेला ऊस तोडायला पाण्याच्या गावी येतात. त्यांची गरिबी आणि त्यांच्या मातीचा कोरडेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे कोण म्हणेल?

जगाला मात्र हे नाते उमगायला वेळ लागला. जून १९७२ मध्ये स्वीडनमधील स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरील परिषद भरली. तेथे आपल्या तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी ठामपणे सांगितले, की गरिबी हटवल्यावाचून पर्यावरण सुधारता येणार नाही. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने 'शाश्वत विकास' हा शब्द सर्वतोमुखी केला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी सतरा विकासध्येये स्वीकारली. त्याच वर्षी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात शिकवले, की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश आपण एकत्रच ऐकला पाहिजे.

ही झाली परिषदांची आणि परिपत्रकांची भाषा. माळेगावात तिचा अर्थ पाण्याच्या पाळीत कळतो.

आपल्या भागाला वर काढले ते नीरा डाव्या कालव्याने. दुष्काळावरचा उपाय म्हणून इंग्रज सरकारने तो खोदला आणि १८८५ साली त्याचे पाणी वाहू लागले. त्या पाण्यावर ऊस आला, पुढे सहकारी कारखाना उभा राहिला, शाळा-कॉलेजे झाली, पक्की घरे आली. हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु त्याच पाण्याने दुसरेही काही केले. अति पाण्याने काही जमिनी खारवट आणि चोपण झाल्या. शिवाय आपल्याच तालुक्याचे दोन भाग पडले, बागायत आणि जिरायत. बागायत भागात ऊस डोलत असताना जिरायत भागातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसल्याचे आपण पाहिले आहे.

यावर आज विज्ञान मदतीला आले आहे. ठिबक सिंचन आहे, मातीतील ओलावा सांगणारी यंत्रे आहेत. दुष्काळ, उष्णता आणि खारवट जमीन यांचा पिकांवर पडणारा ताण अभ्यासणारी राष्ट्रीय संस्था २००९ साली आपल्या शेजारी माळेगाव खुर्दला स्थापन झाली आहे. ठिबकने पाणी वाचते, यात शंका नाही. पण खरा नैतिक प्रश्न त्यानंतर सुरू होतो: वाचलेले पाणी कोणाचे? त्या पाण्यावर मी आणखी एक एकर ऊस लावला, तर नदीला काय मिळाले? टेलच्या शेतकऱ्याला काय मिळाले? आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याला काय मिळाले?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात शोधले गेले. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक अभियंते विलासराव साळुंखे या भागात हिंडले. दुष्काळी कामांवर हजारो माणसे खडी फोडत होती. त्यांच्या पोटाला त्या वेळी अन्न मिळत होते, परंतु पुढच्या दुष्काळात त्यांना तारेल असे त्या खडीतून काहीच उभे राहत नव्हते. साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानाची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेतली, बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव आणि विहीर केली, पाणी उचलून वर नेले आणि माळ हिरवा करून दाखवला.

पण त्यांचे खरे मोठे काम पुढचे. या अनुभवातून 'पाणी पंचायत' उभी राहिली आणि तिने पाणीवाटपाचे नियम घालून दिले. पाणी जमिनीच्या आकारावर मिळणार नाही, घरातील माणसांच्या संख्येवर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, म्हणून भूमिहीनालाही त्याचा वाटा. योजनेच्या खर्चातील वीस टक्के वाटा लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. आणि उसासारखी फार पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत.

या नियमांनी गरिबी आणि पर्यावरण यांचे प्रश्न एकदमच सोडवायला घेतले. ऊस नाही म्हणून पाणी पुरले, आणि ते माणसे मोजून वाटल्यामुळे गरिबापर्यंत पोहोचले. यातला एक नियम काढला तर दुसरा लंगडा पडतो.

कोणी म्हणेल, "हे बोलायला सोपे आहे. दोन एकरवाल्याने ऊस सोडून करायचे काय?" हा आक्षेप खरा आहे. उसाचा दर आधी ठरलेला असतो, कारखाना माल उचलतो, सोसायटीचे कर्ज फिटते. कांदा-टोमॅटो करणाऱ्याला असा आधार कोठे आहे? लहान शेतकरी लोभापायी ऊस लावत नाही, भीतीपोटी लावतो. म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पाणी पंचायतीच्याही सगळ्या योजना टिकल्या नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. दुसऱ्या पिकांना हमीचा आधार आणि सर्वांना सारखे नियम असतील, तरच लहान माणसाला त्याग परवडतो.

निसर्ग सांभाळताना त्याची किंमत गरिबानेच मोजायची, असेही पुष्कळदा घडते. डोंगरावर झाडे वाढावीत म्हणून गावोगावी चराईबंदी झाली. ती गरजेचीच होती. परंतु ज्याच्याकडे शेत नाही, त्याची शेळी त्याच डोंगरावर चरत होती. येशूसंघाचे स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहिल्यानगर जिल्ह्यात पाणलोट विकासाचे मोठे काम उभे केले, ते गावकऱ्यांना बरोबर घेऊनच. पाणी अडवायचे तर आधी माणसे जोडावी लागतात. आणि शेळीवाली बाई ग्रामसभेत बोलली नाही, तर डोंगर हिरवा होईल पण तिची चूल विझेल.

पवित्र शास्त्रात लेवीयच्या पुस्तकात शेतकऱ्याला एक आज्ञा आहे. पीक कापताना शेताच्या कडा साफ करू नयेत, सर्वा वेचू नये. तो भाग गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्यावा. लक्षात घ्या, तेथे भीक घालायला सांगितलेले नाही. त्या कडेवर गरिबाचा हक्क आहे, आणि तो मालकाने आधीच सोडून द्यायचा आहे. याच पुस्तकात पुढे परमेश्वर म्हणतो, की जमीन त्याची आहे, आपण तिच्यावर पाहुणे आहोत. जमिनीविषयी हे खरे असेल, तर पाण्याविषयी किती अधिक खरे असेल! जमिनीला निदान सातबारा असतो. ढगाला कोणाचा सातबारा आहे?

आपल्यापैकी काहीजण बागायतदार आहेत, काही कारखान्यात नोकरीला, काही दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारी करणारे. प्रत्येकाच्या हाती सारखे काही नाही. पण ज्याच्या शेतात ठिबक आहे, त्याने वाचलेल्या पाण्यातील थोडे तरी खालच्या शेजाऱ्यासाठी सोडावे. ज्याला ग्रामसभेत आवाज आहे, त्याने पिण्याच्या पाण्याची चर्चा निघाली की कोप्यांवरच्या माणसांचीही आठवण करून द्यावी. आणि येत्या हंगामात मिस्साला येताना आपण सर्वांनीच त्या कोपीपाशी थांबून विचारावे, "ताई, तुम्हाला प्यायला पाणी कोठून मिळते?"

तिचे उत्तर ऐकल्यावर पुढे काय करायचे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.