बुद्धिबळ नावाची पंचाईत

क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला मुलगा घरी जाऊन सांगतो, चेंडू खालीच राहिला. कबड्डीत हरलेला सांगतो, पाय घसरला. बुद्धिबळात हरलेल्या मुलाजवळ सबबच नसते. पंच नाही, पाऊस नाही, खेळपट्टी नाही. त्यात खेळाचं नाव असं, की हरलो म्हणजे नेमकं काय कमी पडलं हे वेगळं सांगायला नको. इंग्रजीतल्या चेसमध्ये फारसी शाह लपलेला आहे, शतरंजमध्ये चतुरंग सेना आहे. ती नावं राजाबद्दल आणि लढाईबद्दल बोलतात. आपण मात्र नाव ठेवताना थेट पोराच्या डोक्यालाच हात घातला.

शनिवार-रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी सहा ते दहा वर्षांच्या नवशिक्या मुलांना शिकवतो. मी काही किताबवाला खेळाडू नाही. बँकेतली नोकरी संपली, पट घरात होता, मुलं खाली खेळत होती, एवढंच भांडवल. पण इतकी मुलं समोर बसून गेल्यावर एक मत मात्र पक्कं झालंय. नवशिक्याला बुद्धी कमी पडत नाही, त्याला दिसत नाही. आणि दिसणं शिकवता येतं.

पहिल्या दिवशी मी पटावर बत्तीस सोंगट्या मांडत नाही. पूर्वी मांडायचो. मग हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं, असं सगळं अर्ध्या तासात सांगून मोकळा व्हायचो. एकदा एका मुलीने विचारलं, ‘‘आजोबा, अडीचमधलं अर्धं घर कुठलं?’’ मला उत्तर देता आलं नाही. आपण सगळेच ‘अडीच घरं’ म्हणत मोठे झालो, पण ते अर्धं घर कोणी पाहिलेलं नाही. आता मी सांगतो, घोडा काळ्या घरात असेल तर उडी मारून पांढऱ्यात जातो, पांढऱ्यात असेल तर काळ्यात. मग मुलं त्याला कोपऱ्यात ठेवून चाली मोजतात. दोनच. मधोमध ठेवला की आठ. घोडा कडेला का ठेवू नये, हे मला सांगावं लागत नाही. हत्ती पटावर कुठेही ठेवा, रिकाम्या पटावर त्याला चौदा घरं मिळतात. हेही त्यांनीच मोजलेलं. त्या हत्तीला सोंड का नाही, या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही. आकार बुरुजाचा, नाव हत्तीचं, काय सांगणार!

तर पहिल्या दिवशी फक्त प्यादी. दोन्हीकडे आठ-आठ, बाकी पट मोकळा. ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. सरळ चालायचं, तिरकं मारायचं, मागे फिरायचं नाही. एवढ्या तुटपुंज्या नियमांत काय काय भरलंय हे पाहण्यासारखं असतं. समोरासमोर अडकलेली दोन प्यादी, आता कोणी हललं तर पंचाईत, म्हणून दुसरीकडे एक फुकट चाल शोधण्याची धडपड. मोठे खेळाडू शेवटच्या टप्प्यात हेच करतात. पोरं पहिल्याच शनिवारी करतात, फक्त त्याला नाव काय हे त्यांना माहीत नसतं.

त्यानंतर राजा आणि हत्ती, समोर नुसता राजा. इथे मी जगज्जेत्या कापाब्लांकाच्या वळचणीला उभा आहे. 1921 साली आलेल्या त्याच्या ‘चेस फंडामेंटल्स’ची सुरुवातच अशी साधी मात करण्यापासून होते. पट रिकामा असला की एका हत्तीची ताकद उघडी दिसते. तो एक अख्खी रांग अडवतो आणि समोरच्या राजाची खोली लहान होत जाते. बत्तीस सोंगट्यांच्या गर्दीत हे कसं दिसणार? वजिराने मात करायला शिकवताना गंमत होते. एकटा राजा कोपऱ्यात, समोर वजीर, पोरगं घाईघाईने आणखी पुढे सरकतं आणि समोरच्याला चालच उरत नाही. शहही नाही. डाव बरोबरीत! वजीर जवळ असून जिंकता आलं नाही, हे दुःख फार खोल असतं, आणि ते एकदाच पुरतं.

पालकांना हा क्रम आवडत नाही. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी विचारतंच, सिसिलियनसारख्या सुरुवातीच्या चाली कधी शिकवणार? अशा वेळी मी मीर सुलतान खानची गोष्ट सांगतो. पंजाबातला हा माणूस आपल्या देशी पद्धतीच्या बुद्धिबळावर वाढला. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. तपशील घराघरांत वेगळे. आमच्या हॉलमध्येही अधूनमधून एखादा नातू ‘‘आमचे आजोबा तर असं खेळतात’’ म्हणून भांडतो, ते याच नियमांपायी. सुलतान खानने युरोपी नियम मोठेपणी शिकले, सुरुवातीच्या चालींचं पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे जवळजवळ नव्हतं. तरी त्याने 1929, 1932 आणि 1933 अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदं जिंकली आणि हेस्टिंग्जला खुद्द कापाब्लांकाला हरवलं. पालक ऐकून घेतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा सिसिलियन.

‘दिसणं’ म्हणजे काय, यावर मानसशास्त्राने बरंच काम केलंय. हॉलंडच्या ॲड्रियान द ग्रूटने सुरुवात केली, पुढे 1973 मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी प्रयोग नेटका केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवायची, मग झाकायची, आणि आठवून मांडायला सांगायचं. मुरलेल्या खेळाडूने साधारण सोळा सोंगट्या बरोबर ठेवल्या, नवशिक्याने चार. मग त्याच सोंगट्या कशाही विखुरल्या, आणि उस्तादाचा रुबाब संपला. दोघेही जवळपास सारखेच. नमुना अगदी लहान होता, आणि पुढच्या अभ्यासांत विस्कटलेल्या मांडणीतही मुरलेले थोडे पुढेच असतात असं दिसलं. तरी मुद्दा टिकून आहे. उस्तादाची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा जादूची नसते. त्याला सुट्या सोंगट्या दिसतच नाहीत, ओळखीचे घोळके दिसतात. किल्लेकोट करून बसलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी, शेजारी घोडा, हे सगळं त्याच्यासाठी एकच अक्षर. वाचता येणारा माणूस ‘कमळ’ वाचताना क, म, ळ असं लावत बसत नाही, तसंच.

म्हणून वजीर फुकट देणाऱ्या मुलाला ‘‘लक्ष कुठे आहे तुझं?’’ विचारण्यात अर्थ नसतो. लक्ष पटावरच असतं. फक्त आपल्या बाजूच्या पटावर. सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एक बेत असतो आणि तो बेत एकट्याचा असतो. समोरचाही बेत करतोय, हे त्याला ठाऊक असतं, पण जाणवत नाही. यावर सांगून उपयोग नाही. मी पट फिरवतो. डाव रंगात आला की टाळी वाजवायची आणि दोघांनी जागा बदलायच्या. आता ज्याच्यावर हल्ला चालवला होता, त्यालाच वाचवायचं. सुरुवातीला आरडाओरडा होतो, ‘‘माझी मात होणार होती!’’ मग शांतता. कारण दुसऱ्या बाजूने तोच पट परका दिसतो. ज्या कोपऱ्यात आपण कधी पाहिलं नव्हतं, तिथे एक उंट आपल्यावर नेम धरून बसलेला सापडतो.

हाताचंही शिक्षण करावं लागतं. डोळ्यांआधी हात पोचतो. जुने प्रशिक्षक सांगायचे, चाल आधी कागदावर लिहा, मग खेळा. 2005 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी ती सवय बंद केली, आधी खेळायचं आणि मग लिहायचं. माझ्या मते या नियमाने मोठ्यांचं फार बिघडलं नाही, लहानांची मात्र एक चांगली काठी गेली. आता आमची पोरं दोन्ही हात मांडीखाली घालून बसतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, थंडी वाजतेय.

गणिताचं काय? हा प्रश्न मला सिसिलियनपेक्षाही जास्त येतो. इंग्लंडमध्ये यावर मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल 2016 मध्ये आला. शंभर प्राथमिक शाळा घेतल्या, त्यांतल्या काहींत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षभरात तीस तास बुद्धिबळ शिकवलं. वर्षाने गणिताची परीक्षा घेतली तेव्हा खेळलेल्या आणि न खेळलेल्या मुलांत फरक सापडला नाही. चेस-सायमन यांचा प्रयोग ध्यानात असेल तर याचं आश्चर्य वाटू नये. नजर तयार होते ती पटासाठी होते. अपूर्णांक तिला परके. मुलगा गणितात कच्चा असेल तर त्याला गणित शिकवावं, असं मी म्हणतो, आणि त्या महिन्यात एक-दोन मुलं कमी होतात. शेजारची शिकवणी पाटीवर ‘बुद्धी तल्लख करा’ लिहिते आणि तिथे जागा मिळत नाही.

जुलै 2025 मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली तेव्हा आमच्याकडेही आठ-दहा मुली आल्या. त्यातल्या एका आठ वर्षांच्या मुलीने हट्ट धरला की ‘‘मोठ्यांचा डाव’’ दाखवा. मी डिसेंबर 2024 चा, सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला शेवटचा, चौदावा डाव काढला. डिंग लिरेन पांढऱ्या सोंगट्यांनी, गुकेश काळ्या. दोघांकडे हत्ती, उंट आणि थोडी प्यादी. गुकेशचं एक प्यादं जास्त, पण बरोबरीच होणार असं सगळ्यांना वाटत होतं. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती अशा घरी नेला की गुकेशला हत्तींची अदलाबदल करता आली, पाठोपाठ उंटांचीही. उरले दोन राजे आणि प्यादी, काळ्याची दोन, पांढऱ्याचं एक. आमची पोरं दुसऱ्या महिन्यात शिकतात तो शेवट. त्यावर जगज्जेतेपद गेलं आणि आलं.

मी भिंतीवरच्या पटावर चाली लावत होतो. हत्ती गेले, उंट गेले, मुलांनी ‘‘काळा जिंकला’’ असा कल्लोळ केला. ती मुलगी गप्प होती. तिच्यासमोर तिने तोच डाव लाकडी पटावर मांडला होता. तिने हत्ती आणि उंट डबीतून काढून परत जागेवर ठेवले, पंचावन्नाव्या चालीच्या आधीपर्यंत गेली, आणि कोणी टाळी वाजवलेली नसताना पट फिरवून डिंगच्या बाजूने पाहत बसली. दोन्ही हात मांडीखाली.