काटकसर कोणाच्या अंगावर पडते?

काटकसर हा सद्गुण आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो, आणि ते खरेच आहे. जो मनुष्य आपली भाकरी अर्धी करून शेजाऱ्यास देतो, त्याची काटकसर स्तुत्य होय. परंतु जो शेजाऱ्याची भाकरी अर्धी करतो आणि तिला काटकसर म्हणतो, त्याच्या कृत्यास निराळे नाव दिले पाहिजे. हा भेद सांगावयास सोपा आहे. पण प्रत्यक्ष व्यवहारात आपण कोणाची भाकरी मोडीत आहो, हे पुष्कळदा आपले आपणांस कळत नाही. थोड्या पैशांत पाळणाघर चालविण्याचा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवतो, तो एवढ्याचसाठी की, ह्या कामात तो भेद फार स्पष्ट दिसतो.

आमचे बहुतेक वाचक खेडेगावांत राहतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या लेकीसुना कामधंद्यासाठी मुंबईच्या आसपास जाऊन राहिल्या आहेत. उल्हासनगर कॅम्प ५ हे अशांपैकीच एक ठिकाण. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी छावणी उभारली होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून निराश्रित होऊन आलेल्या हजारो कुटुंबांस तेथील बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सैन्य गेले, पण छावण्यांचे क्रमांक राहिले. अंबरनाथच्या अंगाचा तो कॅम्प ५. आज तेथे जीन्सच्या कपड्यांचा मोठा धंदा आहे. लहान लहान गाळ्यांत विजारी शिवल्या जातात. धागे तोडणे, बटणे लावणे अशी कामे बायका नगावर करतात. मजुरी नगावर असल्यामुळे, मूल रडले म्हणून आई जितका वेळ उठली तितकी तिची मजुरी बुडाली. सासू गावाकडे आहे. शेजारीण स्वतःच कामाला जुंपलेली आहे. मग मूल कोणी सांभाळावे?

ह्यासाठी कायदा नाही काय, असे कोणी विचारील. कायदे झाले आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्याने, ५० हून अधिक स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यावर पाळणाघराचे बंधन घातले, आणि १९७६ साली तो आकडा ३० वर आणला. २०१७ साली प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, ५० किंवा अधिक माणसे नोकरीस असलेल्या संस्थांसही तेच बंधन लागू झाले. परंतु ज्या गाळ्यात दहापंधरा यंत्रे आहेत तेथवर हे नियम पोहोचत नाहीत. आणि जी बाई आपल्याच खोलीत बसून धागे तोडते तिला तर कोणी कारखान्याचे माणूस म्हणूनच मोजीत नाही. अंगणवाडी सरकारने २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू केली. तिने पुष्कळ हित केले आहे. पण ती बहुधा काही तासच उघडी असते, आणि तीन वर्षांखालील मुलांचा आहार बहुतांशी घरीच न्यावयाचा असतो. आईचा कामाचा दिवस त्याहून फार लांब आहे. म्हणून एखादी भगिनी आपल्या मनाने एक खोली घेते, सतरंजी पसरते, दोन पाळणे टांगते आणि शेजारपाजारच्या मुलांस सांभाळू लागते.

तिचा हिशेब कसा बसतो ते पाहू. पुढील आकडे कोणा एका पाळणाघराचे नव्हेत. केवळ विचारासाठी आम्ही कल्पिले आहेत. समजा, मुले दहा आहेत आणि प्रत्येक आई महिन्यास १,००० रुपये देते. जमा १०,००० रुपये झाले. खोलीचे भाडे ४,०००. वीज, पाणी, गॅस व साबण मिळून १,०००. दूध आणि खिचडी ह्यांस दर मुलामागे दिवसाला १५ रुपये धरले, तर २६ दिवसांचे ३,९०० होतात. एकूण खर्च ८,९०० झाला. उरले १,१००, आणि सांभाळावयास बाया दोन आहेत. कारण एक चुलीशी गेली असता दुसरी मुलांजवळ पाहिजे. महिनाभर दहा मुलांचे हगणेमुतणे, रडणे, निजणे पाहिल्याबद्दल प्रत्येकीस साडेपाचशे रुपये मिळाले!

आता ही तूट कोणी तरी सोसलीच पाहिजे. फी वाढविली तर ती आई सोसते. आणि फी आणि मजुरी ह्यांची बरोबरी झाली की ती मूल काढून नेते. फी तशीच ठेवून मुलांची संख्या वीस केली, तर जमा २०,००० होते. खोली तीच, इतर खर्च १,५००, आहार ७,८००. उरले ६,७००, म्हणजे दोघींस ३,३५० प्रत्येकी. कागदावर हे फार शहाणपणाचे दिसते. पण तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सांभाळणारी, ही सरकारी मार्गदर्शनात सांगितलेली मर्यादा आहे. आणि खिचडी ढवळण्याच्या वेळी वीस मुले एकीच्या हाती राहतात. तेव्हा ती तूट मूल सोसते. आणि काहीच न बदलता तसेच चालविले, तर ती तूट सांभाळणारी बाई सोसते. सारांश, तूट नाहीशी झाली असे ज्या वेळी आपणांस वाटते, त्या वेळी ती फक्त वहीतून उठून कोणाच्या तरी अंगावर जाऊन बसलेली असते.

मूल ती कशी सोसते, हे मुंबईच्या इतिहासात लिहिलेले आहे. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पुष्कळ आया कामावर जाताना तान्ह्या मुलांस अफू घातलेली बाळगोळी देत असत. १९२२ च्या सुमारास ह्या गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी एका स्त्री डॉक्टरने केली, तेव्हा ही चाल किती सर्रास होती हे उजेडात आले. त्या आया निर्दय होत्या काय? मुळीच नाही. मुलास सांभाळण्याचा जितका पैसा त्यांच्यापाशी होता, तितक्यात गोळीच मिळत होती. मूल निजवून ठेवणे हा सांभाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत भयंकर आहे. आज कोणी अफू देत नसेल. परंतु वीस मुलांस दिवसभर पडद्यापुढे बसवून गप्प ठेवणे, किंवा रडणाऱ्यास काळोख्या कोपऱ्याचा धाक घालणे, ही त्याच गोळीची धाकटी भावंडे आहेत.

आणि पाळणाघर मुळीच नसले तर? तर ते काम घरातील थोरल्या मुलीवर येते. ह्याचे उत्तम उदाहरण जुन्या ठाणे जिल्ह्यातच घडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये नेले. तेथे त्यांस असे दिसले की, थोरली मुले शाळेस येत नाहीत, कारण धाकट्यास काखेत घेऊन त्यांस घरी बसावे लागते. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका अंगणात आणली व तिला विकासवाडी म्हटले. धाकट्याची सोय झाली तेव्हा थोरलीच्या हाती पाटी आली. आठ वर्षांच्या मुलीने फुकट केलेले काम आपण कोणत्याच वहीत लिहीत नाही. म्हणून ते आपणांस स्वस्त वाटते.

तर मग काटकसर करू नये काय? अवश्य करावी, परंतु ती वस्तूंवर करावी, हातांवर करू नये. हेच बोर्डी आणि कोसबाड येथील कामातून आम्ही शिकतो. त्या बायांनी परदेशी महागड्या साधनांची वाट पाहिली नाही. खडे, शिंपले, बिया, पाने ह्यांवर मुलांस मोजावयास व रंग ओळखावयास शिकविले, आणि शाळेची इमारत नसली तर झाडाखाली व अंगणात बसविले. दुसरा दाखला मोबाईल क्रेशेस ह्या संस्थेचा. मीरा महादेवन ह्यांनी १९६९ साली दिल्लीत इमारतीच्या बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी पहिले पाळणाघर उघडले, आणि १९७२ साली ते काम मुंबईत आले. जेथे आया विटा वाहत तेथेच जागा मागून घ्यावयाची, आणि काम हलले की पाळणाघरानेही हलावयाचे, अशी ती रीत. भिंती उसन्या घेता येतात. खेळणी घरी करता येतात. झोळीला जुने लुगडे पुरते. परंतु मुलास उचलून घेणारे हात उसने घेता येत नाहीत, आणि ते दमले असता त्यांच्या जागी शिंपले ठेवता येत नाहीत.

येथे कोणी म्हणेल की, मुलांस सांभाळणे ही सेवा आहे. तिचे मोल काय करावयाचे? हे बोलणे गोड आहे, पण बहुधा ते बोलणारा स्वतः ती सेवा करीत नसतो. आमच्या वाचकांस मोशेच्या बालपणाची कथा ठाऊक आहे. फारोच्या कन्येने लव्हाळ्याच्या पेटीतून मूल उचलले आणि ते दूध पाजण्यासाठी एका इब्री स्त्रीच्या स्वाधीन केले. ती त्याची खरी आई होती, आणि तिने ते काम प्रेमानेच केले असते. तथापि राजकन्येने तिला वेतन देऊ केले. प्रेम आहे म्हणून मजुरी नको, असा न्याय तेथे लावलेला नाही. उलट आमच्या देशात अंगणवाडीच्या सेविकांस कितीएक वर्षे जे दिले जाई त्यास पगार न म्हणता मानधन म्हणत. मान पुष्कळ आणि धन थोडे, असाच त्याचा अर्थ झाला. २०२२ च्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, ह्या सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असा निर्णय दिला, त्यास योजना सुरू झाल्यापासून ४६ वर्षे लोटली होती. आम्हीही ह्या दोषातून मुक्त नाही. आमच्यासारख्यांनी लिहिलेल्या अहवालांत, इतके मोठे काम केवळ इतक्या थोड्या खर्चात झाले, असे वाक्य अभिमानाने लिहिलेले आढळते. त्या ‘केवळ’ ह्या शब्दाखाली कोणाची पाठ वाकली आहे, हे आम्ही क्वचितच विचारले.

सर्वांत कठीण आक्षेप निराळाच आहे, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दहा मुले झाल्यावर अकरावी आई दारात उभी राहिली तर काय करावे? तिला परत पाठविले, तर तिचे मूल यंत्राच्या पायाशी किंवा रस्त्यावर राहील. तिला घेतले, तर बाराव्या आईस नाही म्हणण्याचे कारण उरत नाही, आणि लवकरच ते पाळणाघर न राहता कोंडवाडा होतो. काहीच नसण्यापेक्षा काही असलेले बरे, असे आपण म्हणतो. पण ‘काही’ ह्या शब्दास खालची मर्यादा पाहिजे. ज्या आईने विश्वासाने मूल ठेवले तिला आपण वचन दिलेले आहे. आणि एकास दिलेले वचन मोडून दुसऱ्यावर केलेली दया ही पहिल्याच्या खिशातून दिलेली भिक्षा होय. म्हणून आमचे मत असे की, अकराव्या आईस त्या खोलीत जागा नाही हे सांगावेच लागेल. परंतु ते सांगून दार लावून घेण्याचा अधिकार कोणास नाही. तिचे नाव वहीत लिहावे, आणि ती वही दर महिन्यास मंडळीपुढे, वस्तीपुढे, गाळ्यांच्या मालकांपुढे आणि नगरसेवकापुढे ठेवावी. नाही म्हणणारी बाई एकटी असता कामा नये. ते ‘नाही’ सर्वांचे आहे, आणि ते ‘होय’ करण्याचे ओझेही सर्वांचे आहे.

आता आपण आपल्या हिशेबाकडे परत येऊ. दहाच मुले ठेवली, पण खोली कोणी बिनभाड्याची दिली, तर शिल्लक १,१०० च्या ठिकाणी ५,१०० होते. प्रार्थनेची जागा किंवा शाळेची खोली आठवड्याचे सहा दिवस कुलपात असते. तिच्या भिंती काही मागत नाहीत. वीस कुटुंबांनी महिन्यास ३०० रुपये दिले, तर आणखी ६,००० मिळतात, आणि दोघींस ५,५५० प्रत्येकी देता येतात. हे पुरेसे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते अजूनही थोडेच आहे. म्हणून जे देणे राहिले तेही वहीत देणे म्हणून लिहावे, देणगी म्हणून नव्हे. जो ऋण लिहून ठेवतो तो कधी तरी ते फेडण्याचा विचार करतो. जो त्यास सेवा म्हणून पुसून टाकतो तो कधीच करीत नाही.

खेडेगावांतील बंधुभगिनींनो, हा प्रश्न दूरच्या कॅम्पाचा आहे असे समजू नका. कांदालागवडीच्या दिवसांत बांधावर निजविलेले मूल, ऊसतोडीस निघालेल्या गाडीत बसलेले मूल, धाकट्यासाठी शाळा सोडलेली तुमच्या गल्लीतील मुलगी, ही सर्व त्याच हिशेबातील आहेत. जेथे जेथे असे काम थोड्या पैशांत चाललेले तुम्ही पाहाल, तेथे ते चालविणाऱ्या बाईची स्तुती करण्यापूर्वी तिला एक गोष्ट विचारा: बाई, ह्यात कमी पडते ते तुम्ही कोठून भरून काढता? आणि तिचे उत्तर ऐकल्यावर रिकाम्या हाताने घरी जाऊ नका.